गुंठ्याचा व्यवहार नियमित झाला. रस्ता आणि पाण्याच्या ओताचे काय?

संपादक महोदय,

तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून जमीन विकण्यावरची बंदी, शिथिल झाल्यापासून सांगली-मिरज-कुपवाडच्या गुंठेवारीत (गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकून वसलेल्या विनापरवाना वसाहतींत) ‘आता सगळं कायदेशीर झालं’ असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले शहरी भागातील तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित होतात. आधी त्यासाठी बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत, नंतर 5 टक्के रक्कम भरावी लागे. सवलत मोठी आहे, पण ती व्यवहारापुरती. त्यावरचे घर 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली महापालिकेकडून वेगळे नियमित करावे लागते आणि तिथे 31 डिसेंबर 2020 पर्यंतचीच बांधकामे धरली जातात.

खरेदीखत नोंदलेले असेल, तर सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यातले नाव कब्जेदार (मालकाच्या) सदरी घेण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करावा. हे सोपे काम. व्यवहार नोटरीच्या कागदावर असेल, तर आधी दस्त नोंदवून मुद्रांक शुल्क भरावे लागेल. त्यासाठी विकणाऱ्याची सही हवी. तो हयात नसेल तर सगळ्या वारसांची. एक वारस अडून बसला की काम थांबलेच.

खरी मेख रस्त्यात आहे. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. पण कित्येक खतांत समोरचा निम्मा रस्ता धरून गुंठा विकलेला असतो. जागेवर टेप लावला तर 900 चौरस फूटही भरत नाही. काही ठिकाणी उलट, रस्त्याचे क्षेत्र सातबाऱ्यावर मूळ मालकाच्याच नावे राहते आणि वीस वर्षांनी त्याचे वारस तोच रस्ता विकायला काढतात. म्हणून नाव लागले तरी थांबू नये. गल्लीतल्या सर्वांनी मिळून भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज द्यावा, हद्दी कायम करून घ्याव्यात आणि रस्त्याचे क्षेत्र लेखी महापालिकेकडे वर्ग करावे. एकट्याने मोजणी केली तर शेजाऱ्याची हरकत ठरलेली.

दुसरा प्रश्न पाण्याचा. 2019 साली आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोका पातळी 45 फूट आहे. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदी ते निळी रेषा (नेहमीच्या पुराची हद्द) या पट्ट्यात नव्या बांधकामाला बंदी आहे. निळ्या व लाल रेषेच्या (मोठ्या महापुराची हद्द) मध्ये परवानगी मिळते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर लागते. शामरावनगरसारख्या सखल भागात साध्या पावसाचे पाणीही साचून राहते, कारण ओत (पावसाचे पाणी वाहून जाण्याच्या नैसर्गिक वाटा) आणि नाले भराव टाकून बुजवले गेले. एकाने चार फूट मुरूम टाकला की पाणी मागच्या घरात शिरते.

तेव्हा नियमितीकरणाची प्रमाणपत्रे वाटण्याआधी महापालिकेने प्रत्येक गुंठेवारी वसाहतीचा पातळ्यांसह नकाशा करावा. त्यावर दोन्ही पूररेषा, ओत आणि रस्ते दाखवून तो प्रभाग कार्यालयात लावावा व हरकती घ्याव्यात. ओतावरचा एकही भूखंड नियमित करू नये. महसूल, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक आणि महापालिका यांची एकत्र शिबिरे प्रभागातच, पावसाळ्याआधी भरवावीत.

– नगररचनेचा एक अभ्यासक, सांगली