शनिवारी सकाळी बोरघाट मोकळा ठेवा

महोदय,

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी खोपोलीपुढे कोंडी ठरलेलीच. घाटात जुन्या महामार्गाची वाहनेही याच चढावर येतात. अवजड वाहनांनी डावी मार्गिका सोडू नये, हा नियम फलकापुरता. एक कंटेनर दुसऱ्याला ओलांडायला मधल्या मार्गिकेत येतो, तिसरा उजवीकडून घुसतो आणि तिघेही बैलगाडीच्या चालीने चढतात. मागे एसी बंद केलेल्या मोटारींची रांग. एखादी बॉनेट उघडून कडेला, त्यामुळे आणखी एक मार्गिका गेली.

गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालता येते, मग इथे काय अडते? जर्मनीत साडेसात टनांवरील ट्रकना रविवारी रात्री दहापर्यंत मज्जाव असतो. आपल्याला दिवसभराची बंदी परवडणार नाही. न्हावा-शेवा बंदरातल्या मालाला सुट्टी नसते. पण शनिवारी सकाळी पुण्याकडे आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे चार-पाच तास तरी घाट मोकळा ठेवावा. दूध, भाजीपाला, औषधे, इंधन अर्थातच वगळून.

मात्र अडवलेले ट्रक उभे कुठे करायचे, हे आधी ठरवा. कळंबोली आणि तळेगावकडे पाणी, शौचालय, दिवे असलेले वाहनतळ हवेत. नाहीतर चालक चाकाला दगड लावून रस्त्याच्या कडेलाच झोपणार आणि अंधारात मागून मोटार आदळली की गुन्हा त्याच्यावरच.

– एक वाचक, चिंचवड