सदतीसच्या जागी शून्य

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री पाठवलेला तुझा प्रोग्रॅम आज सकाळी चहा ठेवता ठेवता पाहिला. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं होतं. 98.6 दिल्यावर 37 यायला हवे होते आणि पडद्यावर आलं 0.00. खाली तू लिहिलंस, 'आई, वर्गातली मुलं गेम बनवतायत आणि मी अजून तापमानातच अडकलेय. मला नाही जमणार ही सी भाषा.' ते वाचून पोटात कालवलं.

तुझं सूत्र बरोबर आहे गं. फक्त तू 5/9 लिहिलंस. पाच आणि नऊ दोन्ही पूर्णांक, त्यामुळे सी भागाकारसुद्धा पूर्णांकातच करते. पाचात नऊ एकदाही बसत नाहीत आणि उरलेला अपूर्णांक सी टाकून देते, म्हणून उत्तर शून्य. पुढे त्याला कशानेही गुणलंस तरी शून्यच. 5.0/9 कर, 37.00 येईल.

डिप्लोमाला असताना आम्ही तिघी मिळून एका कॉम्प्युटरवर बसायचो. टर्बो सीचा तो निळा पडदा अजून डोळ्यांसमोर आहे. फॅक्टोरियल लिहिलं होतं, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार. सातचं 5040 बरोबर आलं. आठचं यायला हवं 40320, आणि आलं उणे 25216! लॅबची वेळ संपली होती. आठवडाभर तो उणे आकडा डोक्यातून जाईना. नंतर कळलं, त्या कंपायलरमध्ये, म्हणजे आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या टर्बो सीमध्ये, इंट (पूर्णांक ठेवायची जागा) दोन बाइटचा, त्यात 32767 च्या पुढचं मावतच नाही. तुझ्या लॅपटॉपवर इंट चार बाइटचा असणार. तिथे 12 पर्यंत सगळं नीट येईल, आणि 13 ला 6227020800 च्या जागी बहुतेक 1932053504 दिसेल. करून बघच. माझा आकडा उणे होता म्हणून चूक लगेच दिसली. तुझा आकडा खरा वाटेल, आणि मला भीती असल्या चुकांचीच वाटते.

सी आपणहून 'चुकलं' म्हणत नाही. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ती घडवली तेव्हा मेमरी फार थोडी असायची. दहा घरांच्या अ‍ॅरेत, म्हणजे ओळीने मांडलेल्या घरांत, अकराव्या घरात लिहिलंस तरी ती अडवेलच असं नाही. लक्ष आपणच ठेवायचं. कंपाइल करताना वॉर्निंग चालू ठेव आणि आलेली प्रत्येक वॉर्निंग वाच. इफमध्ये, म्हणजे अट तपासताना, दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं, तर बहुतेक वेळा तिथेच कळतं.

आणि माझं एक ऐक. रन करण्याआधी उत्तर वहीत लिहीत जा. आमच्याकडे कॉम्प्युटर कमी होते म्हणून ड्राय रन, म्हणजे प्रोग्रॅम कागदावरच चालवून बघणं, करावाच लागायचा, आणि मी जे काही शिकले ते त्या वहीतच. परवाचा संख्या उलटी करायचा प्रोग्रॅम घे. दोन रकाने आख, एकात संख्या, दुसऱ्यात उलटी. सुरुवातीला 472 आणि 0. दहाने भागून बाकी 2, ती उलटीत गेली, संख्या उरली 47. मग उलटीला दहाने गुणून 7 मिळवले, झाले 27, उरले 4. शेवटी 274 आणि 0, लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) थांबलं. पेन्सिलीने एकेक ओळ लिहिताना लूप कुठे थांबतं ते तुला आपोआप दिसेल. तिथे गडबडलीस तर कंपायलरकडे धावू नकोस, वहीतच शोध. नेटवरचं उत्तर तर मुळीच उघडू नकोस, निदान अर्धा तास तरी.

गेम बनवणाऱ्यांकडे बघू नकोस. तुझे पंधरा-वीस छोटे प्रोग्रॅम असे वहीतून उतरले की मग बघू.

बाबांनी चिवडा पाठवलाय, शुक्रवारी पोहोचेल. रविवारी फोन करशील तेव्हा मला एवढं सांग: त्याच प्रोग्रॅमला 120 दिले तर उत्तर 021 का येत नाही? आधी वहीत, मग पडद्यावर.

तुझी,
आई