न मिळालेला पासपोर्ट ‘हरवला’ असे लिहून देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पासपोर्टचा अर्ज झाला, बोटांचे ठसे झाले, पोलीस पडताळणी झाली, ‘पासपोर्ट रवाना’ असा संदेश मोबाइलवर आला आणि महिना उलटला तरी पाकीट घरी आले नाही, अशी तक्रार जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अधूनमधून ऐकू येते. त्यावर ई-सेवा केंद्रवाल्यापासून गावातल्या जाणत्यापर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच: पोलिसांकडून ‘हरवल्याचा’ दाखला आणा आणि नवा अर्ज भरा. हा सल्ला महाग आहे आणि चुकीचाही.

महाग असा की, प्रौढ माणसाच्या ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. हरवलेल्याच्या बदल्यात तोच घ्यायचा तर ३,००० रुपये, आणि तत्काळमध्ये ५,०००. चुकीचा असा की, हरवते ती आपल्या हातात आलेली वस्तू. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. म्हणजे सरकारची वस्तू सरकारच्या एका खात्याने दुसऱ्या खात्याच्या हवाली केली आणि ती मधेच दिसेनाशी झाली. यात अर्जदाराने काय हरवले? शिवाय दाखला पटकन मिळावा म्हणून ‘बसमधून जाताना पिशवीतून पडला’ असे काहीबाही लिहून दिले, तर तोच कागद पुढे पासपोर्टच्या अर्जाला लागतो. पासपोर्ट मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा त्याच कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आधी पाकीट कुठे आहे ते शोधावे. पावतीवरचा पंधरा अंकाक्षरी फाइल क्रमांक आणि जन्मतारीख घालून पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहता येते. संकेतस्थळ सरकारीच आहे ना, म्हणजे पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा आहे ना, हे बघावे. हुबेहूब दिसणाऱ्या आणि जादा पैसे उकळणाऱ्या साइट पुष्कळ आहेत. पासपोर्ट रवाना झाला असेल तर तिथेच स्पीड पोस्टचा क्रमांक मिळतो: सुरुवातीला दोन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी ‘आयएन’. हा क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की पाकिटाचा प्रवास तारीखवार दिसतो. त्या पानाची छापील प्रत लगेच काढून ठेवावी, कारण जुन्या नोंदी कायम दिसत राहतीलच असे नाही.

त्या नोंदीत तीनपैकी एक गोष्ट निघते. पहिली, पाकीट परत गेले. ‘दार बंद’, ‘पत्ता अपुरा’, ‘पत्त्यावर राहत नाही’ असा काही शेरा असतो. हे सगळ्यात सोपे प्रकरण. पासपोर्ट ज्या कार्यालयातून निघाला तिथेच परत जातो. स्थानिक टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रात हेलपाटे घालून उपयोग नाही. तिथे फक्त कागद तपासतात आणि ठसे घेतात. कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात म्हणून तिकडे चौकशी करणेही व्यर्थ. विभागीय पासपोर्ट कार्यालयाला फाइल क्रमांकासह लिहावे किंवा संकेतस्थळावरून चौकशीची वेळ घेऊन मूळ ओळखपत्र आणि पावती घेऊन जावे. मात्र दरम्यान घर बदलले असेल तर ‘नव्या पत्त्यावर पाठवा’ एवढ्याने भागत नाही. पत्ता पासपोर्टवर छापलेला असतो, तो बदलायला पुन्हा अर्जच करावा लागतो.

दुसरी, नोंद ‘वितरित’ म्हणते आणि घरात कोणालाच मिळालेले नाही. इथे दिवस वाया घालवू नयेत. पासपोर्टचे पाकीट ओळख पटवूनच द्यायचे असते, तेव्हा ज्या टपाल कार्यालयाने ते वाटले त्याच्याकडे वितरणाचा पुरावा, म्हणजे घेणाऱ्याची सही कोणाची आहे, ते लेखी मागावे. बऱ्याचदा उलगडा इथेच होतो. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात, आणि पोस्टमन नवा असला की पाकीट दुसऱ्याच आप्पांच्या कपाटात जाऊन बसते. सही अनोळखी निघाली तर मात्र प्रकरण गंभीर आहे. जळगाव, भुसावळ किंवा धुळे, ज्या विभागात आपले टपाल कार्यालय येते तिथल्या डाक अधीक्षकांकडे आणि सोबत पोलिसांकडे खरी हकिकत तशीच लिहून द्यावी.

तिसरी आणि सगळ्यात चिवट गोष्ट म्हणजे पाकीट मधेच अडकणे. एका केंद्रातून थैली निघाल्याची नोंद आहे, पुढच्या केंद्रात पोचल्याची नाही. इथे तोंडी चौकशीचा काही उपयोग होत नाही, कारण खिडकीवरच्या माणसाला पडद्यावर तेवढेच दिसते जेवढे आपल्याला दिसते. टपाल खात्याच्या १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. आठवड्याभरात ठोस उत्तर नाही आले तर केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ तक्रार पोर्टलवर दोन वेगळ्या तक्रारी कराव्यात, एक टपाल खात्यावर, दुसरी परराष्ट्र मंत्रालयावर. एकच तक्रार केली तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवून ती बंद करतात. तरीही हलले नाही तर १० रुपये भरून माहितीचा अधिकार. प्रश्न मोजके आणि नेमके हवेत: या क्रमांकाचे पाकीट शेवटचे कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेला नोंदले गेले, ते गहाळ जाहीर झाले आहे काय, असल्यास तसे पासपोर्ट कार्यालयाला कळवले काय. उत्तराची मुदत ३० दिवस.

एवढा खटाटोप करायचा तो एका कागदासाठी: ‘पाकीट वाटेत गहाळ झाले, अर्जदाराला मिळालेले नाही’ असे टपाल खात्याचे लेखी उत्तर. ते हातात असेल तर पासपोर्ट कार्यालयाशी बोलणे फार सोपे होते. नसेल तर अर्जदार ‘पासपोर्ट हरवलेला माणूस’ ठरतो.

हे उत्तर जोडून विभागीय पासपोर्ट अधिकाऱ्यांना अर्ज करावा. त्यात पाठवलेला पासपोर्ट रद्द करावा आणि बदली पासपोर्ट द्यावा, अशा दोन मागण्या स्पष्ट असाव्यात. गहाळ पासपोर्टचा क्रमांकही त्यांच्याकडूनच लेखी घ्यावा. पुस्तिका डोळ्यांनी पाहिलेलीच नसते, त्यामुळे पोलीस नोंद करताना क्रमांक विचारतात तेव्हा अर्जदार गडबडतो. पोलीस नोंद करायला सांगितलीच तर मजकुरात ‘हरवला’ऐवजी ‘टपालातून मिळाला नाही’ असे लिहून घ्यावे, आणि स्पीड पोस्टचा क्रमांक त्यात यायलाच हवा. हरवल्या-फाटल्याच्या अर्जाला जोडायचे ‘परिशिष्ट एफ’ साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून चालते. डिसेंबर २०१६ पासून नोटरी किंवा स्टँप पेपरची गरज राहिलेली नाही, तरी कोर्टाबाहेर ते अजून विकले जातात. बदली अर्जात पूर्वीच्या पासपोर्टचा रकाना कोरा सोडू नये. नाव आणि जन्मतारखेवरून जुनी फाइल सापडतेच, आणि मग माहिती लपवली असा संशय येऊन अर्ज अडकतो.

आता पाकीट असे चुकते कशामुळे? एक कारण उघड आहे आणि त्याचा दोष टपालाला देता येत नाही. अर्ज भरणारा दुकानदार स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकतो. रवानगीचा संदेश त्याच्या फोनवर येतो, पोस्टमनने लावलेला फोनही त्यालाच जातो. दुसरे कारण पिन कोड. आपल्याकडे पिन जिल्ह्याप्रमाणे चालत नाहीत: चाळीसगाव ४२४१०१ आणि पाचोरा ४२४२०१, पण दोन्ही जळगाव जिल्ह्यात, शिरपूर ४२५४०५, पण धुळे जिल्ह्यात. जिल्ह्यावरून अंदाजे पिन टाकला की पाकीट फिरत राहते. कुसुंबे धुळ्याजवळही आहे, जळगावजवळही आणि रावेर तालुक्यातही. खुर्द-बुद्रुकची गल्लत वेगळीच. म्हणून गाव, वाटपाचे टपाल कार्यालय, तालुका आणि जिल्हा हे चारही लिहावेत, ‘मारुती मंदिरामागे’ अशी खूणही चालते. तिसरे, अर्जदार कामासाठी सुरतेत आणि घरचे दुपारी केळीच्या बागेत, दाराला कुलूप. न वाटलेले पाकीट टपाल कार्यालयात थोडेच दिवस ठेवतात, मग परत धाडतात. रवानगीचा संदेश आल्यावर आपणच क्रमांक घेऊन वाटपाच्या टपाल कार्यालयात जाऊन भेटावे, हा खरा उपाय.

गहाळ पाकीट नवा पासपोर्ट आल्यावर कधीतरी सापडले तर त्यातला पासपोर्ट वापरू नये. तो रद्द झालेला असतो आणि विमानतळावर अडवतात. तो पासपोर्ट कार्यालयात जमा करून पोच घ्यावी.

आता अधिकाऱ्यांकडे मागणे. टपालात गहाळ झालेल्या पासपोर्टच्या बदल्यात अर्जदाराकडून ३,००० रुपये घेणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. टपाल खात्याने गहाळ झाल्याचे लेखी मान्य केल्यावर बदली पासपोर्ट विनाशुल्क द्यावा, आणि ते लेखी उत्तर तक्रारीपासून पंधरा दिवसांत मिळावे. तोवर निदान टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट केंद्रांच्या दारावर मराठीत एक फलक लावावा: पाकीट न आल्यास कोणाला लिहायचे, त्यांचा पूर्ण पत्ता, आणि पासपोर्ट चौकशीचा १८०० २५८ १८०० हा क्रमांक. सध्या तिथे फक्त फोटो काढण्याच्या दुकानांच्या पाट्या दिसतात.

– टपाल व पासपोर्टची कामे जाणणारे काही वाचक, भुसावळ