साडेअकराचा तास मैदानावर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नातवाचा रक्ताचा रिपोर्ट आला. सहावीतला मुलगा, वजन ५४ किलो आणि ड जीवनसत्त्व ११. बालरोगतज्ज्ञांच्या हिशेबाने १२ च्या खाली म्हणजे कमतरता, २० च्या वर गेलं की पुरेसं. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या सोलापुरात पोराला उन्हाची पुडी, म्हणजे ड जीवनसत्त्वाची पावडर, पाजायची वेळ आली!

डॉक्टर म्हणाले, हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. जाड मुलाच्या अंगात ते चरबीत मुरतं, रक्तात कमी उरतं, म्हणून त्याला डोसही जास्त लागतो. "मग पुडीने वजन उतरेल का?" मी विचारलं. ते हसून नाही म्हणाले. पण हे फक्त जाड मुलांचं दुखणं नव्हे. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या १८ टक्के आणि १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलांत ही कमतरता आढळली होती. एक सांगतो, ६० हजार युनिटची ती पुडी चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणून पाजू नका. अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

आता पोराचा दिवस बघा. साडेसहाला व्हॅन, एकला घरी, चारपासून क्लास. आपण म्हणतो सकाळचं कोवळं ऊन चांगलं. चांगलं असेल, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण त्यात फार थोडे, आणि बंद काचेतून तर ते येतच नाहीत. मी तीस वर्षं पीटी शिकवली. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन कामाचं. ऐन डिसेंबरातही सोलापुरात साडेअकराला सावली आखूड असते. नेमक्या त्या वेळी मुलं ट्यूबलाइटखाली बसलेली.

नातवाच्या वेळापत्रकात पीटीचे दोन तास छापलेत. दोन्ही तासांना गणिताचा राहिलेला पोर्शन चालतो. शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, मैदानात नेलं की पालकच येतात, मुलं काळी पडली म्हणून." आधीच सावळ्या कातडीला ऊन जास्त वेळ लागतं, तिथे ही तऱ्हा!

शिक्षण विभागाने आणि मुख्याध्यापकांनी एवढं करावं : दिवाळी ते होळी पीटीचा तास साडेअकराच्या सुमाराला ठेवावा, मैदानावरच घ्यावा आणि तो दुसऱ्या विषयाला देऊ नये. उन्हाळ्यात नको, तेव्हा सोलापूरचं ऊन सोसवत नाही.

तोवर नातवाला मी रविवारी मैदानावर नेतो. दर पाच मिनिटांनी तो स्वतःची सावली पावलांनी मोजतो आणि विचारतो, "आजोबा, झालं का जीवनसत्त्व?"

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जुळे सोलापूर