मनगटी मद्य-सेन्सरच्या खोट्या इशाऱ्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: दारू न पिता घरच्यांना ‘मद्यपान आढळले’ असा संदेश गेल्याबाबत

महोदय/महोदया,

त्वचेवाटे बाहेर पडणाऱ्या अल्कोहोलवरून शरीरातील दारूचे प्रमाण सांगणारा आपला मनगटी पट्टा मी वापरतो. दारू सोडल्यानंतर समुपदेशकांशी बोलून तो घेतला. रीडिंग माझ्या फोनवर येते, तसेच माझ्या परवानगीने पत्नीच्या आणि समुपदेशकांच्या फोनवरही जाते. दारू सोडलेल्या माणसाच्या शब्दावर लगेच कोणी विश्वास ठेवत नाही आणि त्यात त्यांची चूकही नसते. यंत्राची साक्ष असावी, म्हणून ही सोय मीच मागून घेतली होती. आता त्या साक्षीदाराविरुद्धच तक्रार करायची वेळ आली आहे.

मी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर बसतो. दर दोन-चार रुग्णांनंतर हात सॅनिटायझरने पुसावे लागतात. गेल्या आठवड्यात पंप जरा जोरात दाबला गेला, सॅनिटायझर तळहातावरून मनगटावर ओघळले आणि पट्ट्याखाली गेले. मी हात चोळले आणि पुढचा कागद घेतला. थोड्याच वेळात खिडकीवरच्या फोनवर पत्नीचा फोन आला. ‘बरा आहेस ना?’ एवढेच तिने विचारले. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही. मी माझा मोबाइल उघडून पाहिला, तर लाल अक्षरांत ‘मद्यपान आढळले’. समुपदेशकांनाही तोच संदेश गेला होता.

आपल्याच ॲपमधला त्या दिवशीचा आलेख पाहावा. 10:52 वाजता शून्य. चार मिनिटांत आकडा 90 वर, म्हणजे आपल्याच परिमाणात 100 मिलिलिटर रक्तामागे 90 मिलिग्रॅम. साडेअकराला पुन्हा शून्य. यकृत रक्तातली दारू तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या गतीने कमी करते. माणसागणिक थोडेफार इकडेतिकडे. म्हणजे 90 चा आकडा उतरायला सहाएक तास हवेत. माझा अर्ध्या तासाच्या थोडा पुढे उतरला. असे यकृत खरेच माझ्याकडे असेल, तर कंपनीने पट्टा सोडून माझ्यावरच संशोधन करावे. चढणीचेही तेच. प्यायलेली दारू पोटातून रक्तात आणि रक्तातून त्वचेपर्यंत यायला वेळ घेते, चार मिनिटांत असा सुळका उभा राहत नाही.

आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर आले: ‘सेन्सरमध्ये बिघाड नाही. त्वचेवर अल्कोहोल आढळल्यामुळे इशारा गेला.’ मला हे शंभर टक्के मान्य आहे. प्यायलेल्या दारूचा जेमतेम एक टक्का त्वचेवाटे बाहेर पडतो. त्याची वाफ पट्ट्यातल्या सेलमध्ये, म्हणजे अल्कोहोल मोजणाऱ्या छोट्या भागात, शिरते, इलेक्ट्रोडवर तिचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निघालेला विद्युतप्रवाह मोजला जातो. ती वाफ माझ्या रक्तातून आली की पंपाच्या बाटलीतून, हे सेलला कळायला मार्ग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रानुसार बनवलेल्या सॅनिटायझरमध्ये 80 टक्के इथेनॉल, म्हणजे दारूतलेच अल्कोहोल, असते, तेव्हा सेलने इमानेइतबारे मोजले. पण ‘अल्कोहोल आढळले’ आणि ‘हा माणूस प्यायला’ यांच्यामधला निवाडा आपल्या सॉफ्टवेअरने केला, आणि तो आलेखाकडे न बघता केला. अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशाने घोट्याला बांधल्या जाणाऱ्या उपकरणांत आकडा किती वेगाने चढला आणि उतरला हे तपासूनच मद्यपान की बाहेरचे अल्कोहोल, हे ठरवतात. म्हणजे ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरचा उपायही नवा नाही.

म्हणून माझा प्रश्न चाचण्यांबद्दल आहे. प्यायलेल्या माणसाच्या हातावर पट्टा दारू ओळखतो का, हे आपण पाहिले असणारच. न प्यायलेल्याला तो न प्यायलेला म्हणतो का, हे पाहिले का? सॅनिटायझर, अत्तर, फरशी पुसायचे जंतुनाशक यांच्यात दिवसभर वावरणाऱ्या माणसाच्या हातावर पट्टा बांधून पाहिला का? असेल, तर ते निष्कर्ष मला पाठवावेत.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात लिहिले आहे की सॅनिटायझर वापरताना पट्टा काढून ठेवावा. तेही करून पाहिले. पट्टा काढताच घरी ‘पट्टा काढला गेला’ असा संदेश जातो. दारू सोडलेल्या माणसाच्या घरी हा संदेश कसा वाचला जातो, याची कल्पना तो लिहिणाऱ्याला नसावी.

जाता जाता आणखी एक. आकडा खाली असला की ॲपवर हिरवी पट्टी येते आणि ‘गाडी चालवण्यास हरकत नाही’ असे दिसते. मी पीत नाही, मला तिचा उपयोग नाही. पण त्वचेवरचा आकडा रक्तातल्या आकड्यामागून अर्धा तास ते दोन तास, कधी त्याहून उशिरा येतो. नुकताच पिऊन उठलेल्याला ही पट्टी हिरवीच दिसेल. ती आजच्या आज काढून टाकावी.

माझ्यापुरते म्हणाल, तर तो संदेश चुकीचा होता असे लेखी पत्र पत्नीच्या आणि समुपदेशकांच्या नावे कंपनीने पाठवावे आणि माझ्या नोंदीतून ती घटना काढावी. चढउताराचा वेग तपासल्याशिवाय ‘मद्यपान आढळले’ हा संदेश कोणाच्याही घरी जाऊ नये. हे पंधरा दिवसांत होणार नसेल, तर पट्टा परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. तेही झाले नाही, तर मी ग्राहक आयोगाकडे जाईन. बदली पट्टा पाठवू नये. तोही हेच करणार.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)

सोबत: त्या दिवसाच्या आलेखाची प्रत, ग्राहक सेवेचे उत्तर, खरेदीची पावती