फिनलंड ऐकायला जुलैत या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्याकडच्या पर्यटन पुरवण्यांत फिनलंड बहुधा डिसेंबरातच भेटते: बर्फ, ध्रुवप्रकाश, रोव्हानिएमीचा सांताक्लॉज. नोकरीनिमित्त मी हेलसिंकीजवळ एस्पूत राहते. इथल्या उन्हाळी संगीत महोत्सवांबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

जुलैत शाळा बंद, निम्मा देश सुट्टीवर आणि रात्री दहालाही उजेड. संगीत तेव्हा राजधानी सोडून गावोगावी मुक्कामाला जाते. काउस्टिनेन हे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव. १९६८ पासून तिथे लोकसंगीताचा महोत्सव भरतो. मुख्य वाद्य व्हायोलिन आणि साथीला हार्मोनियम, तीही पायाने भाता मारायची! संगीत नाटकातली पायपेटी ज्यांच्या कानात आहे, त्यांना हा सूर परका वाटणार नाही. थोरांचे ऐकून ऐकून मुले वाजवायला शिकतात आणि चालही अशी, की पाय आपसूक ठेका धरतात. अडीचशे वर्षांच्या या वादनपरंपरेला युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

साव्होनलिन्नाच्या किल्ल्यातला ऑपेरा जगाला ठाऊक आहे. गायिका आयनो आक्ते यांनी तो १९१२ मध्ये सुरू केला. मला मात्र कुहमोचे अप्रूप अधिक. रशियाच्या सीमेजवळ, जंगलाने वेढलेल्या या छोट्या गावात चेलोवादक सेप्पो किमानेन यांनी १९७० मध्ये चेंबर संगीताचा, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा, महोत्सव उभा केला. नामवंत कलावंत तिथे शाळेच्या सभागृहातही वाजवतात. पोरीचा जाझ, सेइनायोकीचा टँगो, तुर्कूचा रॉक हेही त्याच सुमारास. माणसाने जावे तरी कुठे कुठे? ऑगस्टात उत्तरेला इनारीत सामी या तिथल्या मूळनिवासी लोकांचा महोत्सव असतो. त्यांचे योइक गायन एकदा तरी समोर बसून ऐकावे.

डिसेंबरातच येणाऱ्यांनी ८ तारखेला फडकणारे राष्ट्रध्वज जरूर पाहावेत. तो सिबेलिअस यांचा जन्मदिवस, म्हणून फिनिश संगीताचा दिवस. एका संगीतकारासाठी देशभर ध्वज उभारला जातो, हे मला फार मोलाचे वाटते.

मार्च-एप्रिलमध्ये वाचक परदेशी सहलींची आखणी करतात. तेव्हाच्या एखाद्या पुरवणीत काउस्टिनेन आणि कुहमोला निदान अर्धे पान द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक वाचक, एस्पू, फिनलंड