डे हार गढी आणि तिच्यासाठी हललेले गाव

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील नेदरलँड्सच्या डे हार किल्ल्यावरचा सचित्र लेख वाचला. लेखात या वास्तूला ‘मध्ययुगीन’ म्हटले आहे, आणि जवळचे हारझाउलेन्स हे गाव किल्ल्याच्या सावलीत शतकानुशतके जसेच्या तसे राहिल्याचे सांगितले आहे. उट्रेख्त शहरात राहत असल्यामुळे मी तिथे अनेकदा गेलो आहे. या दोन्ही विधानांनी वाचकांचा गैरसमज होईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हार घराण्याच्या ताब्यातील या वास्तूचा इतिहास इ. स. १३९१ पर्यंत मागे जातो, हे खरे. सपाट मुलखात, पाण्याच्या खंदकाने वेढलेले जमीनदाराचे हे तटबंद घर असल्यामुळे त्याला किल्ल्यापेक्षा ‘गढी’ हा आपला शब्द अधिक शोभतो. १४४० मध्ये हार घराण्याचा पुरुषवंश खुंटल्यावर ती व्हान झाउलेन घराण्याकडे गेली, १४८२ च्या यादवीत जळाली आणि पुढे पुन्हा उभी राहिली. मात्र १६४१ मध्ये तिचा मालक निपुत्रिक वारल्यानंतर वारसा दूरच्या शाखेकडे गेला आणि गढी हळूहळू ढासळत राहिली. १८९० मध्ये बॅरन एतिएन व्हान झाउलेन यांना वारशाने मिळाले ते केवळ भग्नावशेष होते. त्यांच्या पत्नी एलेन या रोथशिल्ड या धनाढ्य घराण्यातल्या होत्या आणि त्यांच्या माहेरच्या संपत्तीच्या बळावर १८९२ ते १९१२ या काळात आजची वास्तू उभी राहिली. अॅमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि मध्यवर्ती रेल्वे स्थानक ज्यांनी रचले, तेच पिएर काउपर्स या कामाचे वास्तुविशारद होते. सुमारे २०० खोल्या, ३० न्हाणीघरे, विजेचे दिवे आणि वाफेवर चालणारी उष्णतेची व्यवस्था असलेले हे घर बाहेरून मध्ययुगाचा वेश धारण करते. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहे. त्यामुळे त्याचे मोल कमी होते असे मी मानत नाही, कारण त्या काळातील सुतारकाम, दगडकाम आणि रंगकाम यांचा इतका समृद्ध नमुना क्वचितच पाहायला मिळतो.

लेखात जे आले नाही, त्याची खंत मला अधिक वाटते. गढीभोवती बॅरनना विस्तीर्ण उद्यान हवे होते आणि त्या जागेवर हारझाउलेन्सची मूळ वस्ती नांदत होती. ती घरे पाडण्यात आली आणि रहिवाशांना सुमारे एक किलोमीटर अंतरावर नव्या जागी वसवण्यात आले. गावाच्या मोकळ्या चौकाभोवती तिथे जी घरे बांधली गेली, त्यांतील बहुतेकांचे आराखडे काउपर्स आणि त्यांचे पुत्र जोसेफ यांचे आहेत. तीही मुद्दाम जुन्या धाटणीची असल्याने गाव तिथे कायमचेच होते, असा लेखकाचा समज झाला असावा. त्या घरांच्या खिडक्यांच्या झडपांवर आजही गढीचेच लाल-पांढरे रंग दिसतात. गावकरी बॅरनची कुळे होती, ही गोष्ट त्या रंगांवरून इतक्या वर्षांनीही वाचता येते. जुन्या गावातले चर्च तेवढे पाडले नाही. आज ते उद्यानाच्या हद्दीत, घरांविना, एकटे उभे आहे आणि पूर्वी गाव नेमके कुठे होते याची तीच खूण आहे. मला तर संपूर्ण परिसरात तीच जागा सर्वांत बोलकी वाटते.

त्या उद्यानासाठी बॅरननी सुमारे ७००० पूर्ण वाढलेली झाडे आणवली आणि उट्रेख्त शहरातून ती नेता यावीत म्हणून वाटेतले एक घर विकत घेऊन पाडले, असे सांगतात. एवढा खटाटोप ज्या घरासाठी झाला, तिथे हे कुटुंब वर्षातील थोडाच काळ, उन्हाळ्याच्या अखेरीस, राहत असे. २००० मध्ये घराण्याने गढी एका प्रतिष्ठानाकडे सोपवली, तरी वर्षातून एक महिना तिथे राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. हारझाउलेन्सची स्वतंत्र नगरपालिका १९५४ मध्येच संपली होती; २००१ पासून ते उट्रेख्त शहराचा भाग आहे.

पुढील अंकात ‘मध्ययुगीन’ या शब्दाची दुरुस्ती छापावी आणि गावाच्या स्थलांतराचा उल्लेख तिच्यासोबत करावा, ही विनंती. आपले अनेक वाचक युरोपच्या सहलीत उट्रेख्तला येतात. गढी पाहून झाल्यावर त्यांनी त्या एकाकी चर्चपर्यंत आणि तिथून नव्या गावाच्या चौकापर्यंत चालत जावे, असे मला मनापासून वाटते.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
उट्रेख्त, नेदरलँड्स